चमच्याच्या फोटोची खरी हकिगत

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात चमचा पक्ष्याचा एक फोटो टांगलेला आहे. पांढराशुभ्र पक्षी, टोकाला चमच्यासारखी पसरट झालेली चोच नुकतीच चिखलातून वर आलेली, आणि तिच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब. ऐंशीच्या दशकात तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काढला. त्यासाठी ते तीन दिवस चिखलात दबा धरून बसले होते, असे नव्या सभासदांना सांगितले जाते. माझी बाजू घेणारे त्याहून वाईट सांगतात: जागा मी शोधली आणि त्यांनी मला गाफील ठेवून फोटो पळवला. दोन्ही हकिगती खोट्या आहेत. समिती आता फोटोखाली पाटी लावणार आहे, म्हणून हे लिहीत आहे.

जागा मी शोधली, याबद्दल वाद नाही. आज जुईनगरचे स्टेशन आहे त्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, तेव्हा मिठागरे होती. कॅमेराही आधी मी घेतला. शेजारी बेलापूरच्या माझ्याच ऑफिसातले. माझे पाहून त्यांनी घेतला आणि लेन्स मात्र माझ्यापेक्षा लांब पल्ल्याची आणली. ते मला तेव्हा आवडले नव्हते, आजही आवडत नाही.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी आठला आम्ही दोघे मिठागराच्या बांधावर होतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तीसेक चमचे चरत होते. पण धुके इतके की फोटो निघणे शक्य नव्हते.

"पुढच्या रविवारी, बरोबर आठला," मी जाहीर केले.

मीठ ओढणाऱ्या आगरी आजी हसल्या. "सायब, आज पुनव हाय. पुढल्या आयतवारी आठम. या वक्ताला पानी भरलेला आसल. जेवून या, दुपारच्याला."

"आजी, पक्षी वेळेचे पक्के असतात."

"पाखरा पानी पालतान, घड्याल नाय."

आम्ही दोघेही देशावरचे. नदी कोणत्याही वारी एकाच दिशेने वाहते, एवढेच आमचे पाण्याचे ज्ञान. पण शेजाऱ्यांनी आजींचे ते वाक्य लक्षात ठेवले. मी ठेवले नाही.

पुढच्या रविवारी आठला बांधापर्यंत पाणी होते. चिखल नाही, चमचे नाहीत. शेजाऱ्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. आम्ही परतलो. साडेबाराला त्यांनी माझ्या दाराची बेल वाजवली.

"अहो, चला. आजी म्हणाल्या होत्या ना, जेवून या."

"भर दुपारी फोटो काढायला मी काही लग्नातला फोटोग्राफर नाही."

"बघा हं. मागून म्हणाल, बोलावलं नाही."

तसे मी कधीही म्हटलेले नाही. त्यांनी बोलावले होते. मी कॉटवर आडवा झालो.

दुपारच्या उन्हात चित्र सपाट होते, हे मी वाचले होते. ओला चिखल तेच ऊन खालून पक्ष्याच्या पोटावर फेकतो, हे कुठे लिहिलेले नव्हते. आठवड्याने त्यांनी प्रिंट हातात ठेवून विचारले, "कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे." पुढे दोन हिवाळे मी पंचांगात अष्टमी शोधून, त्यांना न सांगता, दुपारी त्याच बांधावर जात राहिलो. चमचे मिळाले. तसा थेंब मिळाला नाही.

तेव्हा पाटीवर त्यांचेच नाव घालावे. तीन दिवसांची थाप गाळावी. एक दुपार पुरली होती. जागा माझी आणि वेळ आजींची, एवढे मात्र लिहावे.

आणि नीट पाहणाऱ्याने फोटोची डावी कड पाहावी. तिथे दुसऱ्या एका चमच्याची शेपटी अर्धवट कापली गेली आहे. मी असतो तर कापू दिली नसती. मी तिथे नव्हतो.