एल्डनचा डावा हात

एल्डन श्रॅग विजेला भयंकर घाबरायचा, आणि आमच्या गव्हाच्या कोठारातली सगळी वीज त्याच्याच ताब्यात होती. मेन स्विच पाडायचा तर त्याचं सोवळं असे. स्विचच्या पेटीच्या उजवीकडे सरकून उभं राहायचं, तोंड फिरवायचं, श्वास रोखायचा आणि हातमोजा घातलेल्या डाव्या हाताने दांडा खाली ओढायचा. पेटी फुटलीच तर चेहरा आणि छाती वाचावी म्हणून.

माझा नवरा लॉयल त्याची पाठ सोडत नसे. "अरे बाबा, वीज आहे ती, सासू नव्हे!"

"सासू रोज बोलते रे," एल्डन म्हणायचा. "ही एकदाच बोलते."

त्या वर्षी ऐन सुगीत कॅन्ससच्या वादळाने खांबावरचे तिन्ही ट्रान्सफॉर्मर जाळले. वीजवाले नवे बसवून गेले. वजनकाट्याच्या खोलीत दिवा लागला तशी मी टाळ्याच पिटल्या. लॉयल सकाळीच शिडीने कोठाराच्या माथ्यावर चढून पत्रे ठोकत बसला होता. उतरताना तो पट्ट्यावरूनच येणार. हा पट्टा मोटारीवर तळापासून माथ्यापर्यंत उभा फिरतो, त्याला पायऱ्या आणि मुठी. एका बाजूने वर जायचं, दुसरीने खाली यायचं. कुठूनही दोरी ओढली की सुरू; थांबायचा मात्र खटक्यानेच. चढत्या बाजूला माथ्याशी आपोआप थांबवणारा खटका होता. उतरत्या बाजूला कुणी कशाला लावेल?

एल्डनने गहू वर ढकलणारी मळसूत्री नळी सुरू केली. गहू वर जाईना. उलट तळाच्या खड्ड्यात परत येऊन त्याच्या बुटांवर सांडला. तो ओरडला.

"लिओटा, मोटार उलटी फिरतेय! तारांच्या फेजांचा क्रम बदललाय!"

"पण दिवे लागलेत की!"

"दिव्याला एक फेज पुरतो गं. मोटारीला तिघांची पाळी लागते, एकामागून एक. दोन तारा इकडच्या तिकडे झाल्या की सगळ्या मोटारी उलट्या..."

तो थांबला. आमच्या डोळ्यांसमोर पट्ट्याची दोरी हलली आणि पट्टा सुरू झाला.

लॉयलने उतरत्या पायरीवर पाय ठेवला होता, आणि ती त्याला वर नेत होती, माथ्यावर पट्टा वळतो त्या चाकाकडे. उडी मारावी तर खाली शंभर फूट पोकळी. त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते.  पळाला तो एल्डन. पेटीसमोर छाती काढून उभा राहिला आणि उघड्या उजव्या हाताने दांडा खाली खेचला. निळी ठिणगी उडाली. अंधार झाला.

पट्टा थांबला. मला हाक मारवेना. ओ आलीच नाही तर?

मग वरून कापरा आवाज आला. "एल्डन... माझी टोपी गेली रे चाकात."

एल्डन गव्हात मटकन बसला. उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "हातमोजा घालायचा राहिला," आणि ढसाढसा रडला. लॉयल शिडीने उतरला, एकेक पायरी चाचपत. खाली आल्यावर बराच वेळ त्याने मला सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एल्डनला फक्त दोन तारांची अदलाबदल करायची होती. त्याआधी, रात्री दिव्यांसाठी पुन्हा चढवलेला मेन स्विच पाडायचा होता. तो पेटीच्या उजवीकडे सरकला, तोंड फिरवलं. बोडका लॉयल शेजारीच होता.

"सावकाश कर, भाऊ," तो म्हणाला आणि डाव्या हाताचा मोजा त्याच्यापुढे धरला.