करवत्याचा मुलगा

“वरचा रेघ बघतो, खालचा भुसा खातो,” हे काकांचं ठरलेलं वाक्य. कारखान्यात साहेबांनी झापलं तरी हेच, काकूंनी गच्चीवरचं वाळवण उतरवायला लावलं तरी हेच.

इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीत ते आमचे शेजारी, मूळचे चंद्रपूरकडचे. त्यांचे वडील जंगलात करवत्याचं काम करायचे. ओंडका उंच मांडवावर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि लांब करवत दोघांनी ओढून फळ्या पाडायच्या. वडील जन्मभर खालचे.

कारखान्यातल्या मित्रांना काकांनी हिंदीत सांगितलं, “पिताजी आराकश थे.” म्हणजे करवत्याच. पण त्यांना वाटलं, घरची आरा मशीन, लाकूड कापायची गिरणी आहे. मग जो तो दारासाठी स्वस्त सागवान मागू लागला.

काकांच्या मुलीला बघायला पुण्याची मंडळी आली, तेव्हा पोहे द्यायला मी होतो. काकूंनी आधीच बजावलं होतं, “लाकडाचा व्यवसाय होता म्हणा.”

मुलाच्या आजींनी विचारलंच. काका काकूंकडे न बघता म्हणाले, “वडील करवत्याचं काम करायचे.”

आजींच्या भुवया चढल्या. “म्हणजे? आमच्याकडे करवत्या म्हणजे जाता-येता दोन्हीकडून कापणारा. भांडणं लावणारा.”

काकूंचा चेहरा उतरला, पण तोंडून निघून गेलं, “आमच्या घरात घोरणाऱ्याला म्हणतात.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. “खाली उभं राहून त्यांचे डोळे भुशानं अधू झाले,” ते म्हणाले. “मला नोकरी लागल्याचं पत्र त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. तीनदा.”

आजींनी बशी खाली ठेवली. “मग लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे तसं छापा,” त्या म्हणाल्या. “मुलगी आम्हाला पसंत आहे.”

पत्रिका महाराणा प्रताप नगरात छापल्या. प्रेसवाल्याला शब्द चुकीचा वाटला, म्हणून त्यानं स्वतःच सुधारून ‘करवट’ केला. हिंदीत म्हणजे कूस. काकू कपाळाला हात लावून बसल्या. प्रेसवाला पुन्हा छापून द्यायला तयार होता, पण काका म्हणाले, “राहू द्या, मी लिहितो.”

गेल्या वर्षी दोघं मुलीजवळ पुण्याला राहायला गेले. त्यांच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत. मला मात्र अजून ओट्यावर पाटावर बसलेले काका दिसतात. चष्मा नाकावर, शेजारी पत्रिकांचा गठ्ठा. एकेक पत्रिका घ्यायची, चुकीचा शब्द खोडायचा आणि निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहायचं: करवत्या. शाई वाळेपर्यंत पुढची उचलायची नाही.