सारवलेलं खळं

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझ्या पोटातलं सगळं त्याला ठाऊक आहे. हे नाही. बहिणीलाही नाही, आणि शाळेत इतकी वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — मी रडून दाखवणार नाही. रडायचंच असतं तर तेव्हाच रडले असते. आणि तुम्ही मान हलवून ‘अरेरे’ म्हणणार असाल तर तेही नको.

शेणव्याहून आत गेलं की माझी शाळा लागते. गावाचं नाव कशाला हवं? मी मुख्याध्यापिका. म्हणजे शिकवायचं, खिचडीचं मीठ बघायचं, येणाऱ्या प्रत्येक साहेबाला चहा पाजायचा आणि छप्पर गळायला लागलं की खाली बादली ठेवायची. एका पावसाळ्यात दुसरीच्या वर्गाची भिंत बाहेर कलली. इंजिनिअर आले, इमारत धोकादायक आहे असं सांगून गेले. झालं. पोरं देवळात. पहिली ते सातवी, सगळी एका देवळात! कुणी नारळ फोडायला आलं की भागाकार थांबायचा. कुणाच्या घरी बारसं असलं की बायका आधी देवाच्या पाया पडायला यायच्या आणि मग माझी पाचवी निम्मी त्यांच्या मागे. तुम्ही शिकवून बघा असं. एक आठवडा शिकवून बघा, मग माझ्याशी बोला.

आमच्या वर, चढावर, ठाकरांची वाडी आहे. तिथली शाळा चौथीपर्यंत, कुडाच्या एका खोलीत. तिथल्या गुरुजींची बदली झाली, नवे कुणी आले नाहीत आणि त्या शाळेचाही चार्ज माझ्याकडे आला. आठवड्यातून दोनदा मी वर जायचे, बाकीचे दिवस वाडीतली एक शिकलेली सून पोरांना सांभाळायची. म्हणजे मी त्यांचीही बाई होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना ते विसरणं फार सोपं आहे. मी विसरलेच होते की.

तर मुंबईच्या एका कंपनीने डबा द्यायचं ठरवलं. डबा म्हणजे तयार वर्ग — लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या जाड भिंती, खिडक्या, पंखे, आत फळासुद्धा लावलेला. कारखान्यात बनतो, ट्रेलरवर येतो, क्रेनने उतरवला की दुसऱ्या दिवशी आत हजेरी घ्यायची. तो वाडीसाठी होता. वाडीत पक्की खोली झाली नाही तर शाळा बंद करून पोरं खाली माझ्याकडे पाठवायची, असं वरून ठरलेलं होतं. आणि मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात तो मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो. त्या डब्यावर वाडीची शाळा राहणार की जाणार, हे ठरणार होतं. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

कंपनीच्या सुपरवायझरने फोन मलाच केला. जागा सपाट हवी, आणि डब्याच्या चार कोपऱ्यांखाली आणि मध्ये सिमेंटचे ठोकळे हवेत, जमिनीत गाडलेले, एका पातळीत, आधी ओतून नीट सुकवलेले. डबा त्यांच्यावर बसतो. सिमेंट-खडीही कंपनी पाठवणार होती. मी सहज विचारलं, ठोकळे नसले तर? — सहज? छे, सहज कसलं. तो म्हणाला, भरलेला ट्रेलर परत न्यायचा नसतो, जवळपास जिथे जागा तयार असेल तिथे उतरवून मोकळं व्हायचं.

त्या रात्री मला झोप लागली. उगाच खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. चांगोदादा म्हणजे तिथल्या शाळा समितीचा अध्यक्ष, त्याची नात पहिलीत. मी म्हटलं, डबा येतोय, जागा तयार करून ठेवा. त्याने विचारलं, कशी तयार करू? मी म्हटलं, छान, सपाट. बस. एवढंच. ठोकळ्यांचा शब्दही काढला नाही. पुढच्या पंधरवड्यात मी चार वेळा तरी वर गेले, दर वेळी त्याच्याकडे पाणी प्यायले, आणि दर वेळी ते वाक्य गिळलं. खाली मात्र गावातल्या गवंड्याकडून मापात ठोकळे ओतून घेतले, वाडीसाठी आलेल्या सिमेंटचे. पाण्याची टाकी बसवायची आहे, असं सांगितलं. कुणी विचारलं नाही की एवढी लांबलचक टाकी कसली.

मार्गशीर्षाचे दिवस होते. भात कापून झालं होतं, झोडणीची घाई होती. डबा आला त्या सकाळी मी सुपरवायझरच्या मोटारसायकलवर मागे बसून वर गेले. ट्रेलर आणि क्रेन खाली थांबले होते. तोवर ओढा उतरलेला होता आणि वर वाडीपर्यंतचा रस्ता ट्रेलर जाईल इतका चांगला झालेला होता, हेही सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी सबब शोधायला नको.

वाडीत सपाट जागा एकच — खळं, भात झोडायचं. सगळ्या वाडीचं एक. ते त्यांनी डब्याला देऊन टाकलं होतं. मधला खांब, मेढ, उपटली होती. जमीन खणून, भिजवून, धुमसाने ठोकून काढली होती, आणि बायकांनी शेणाने सारवली होती, एकदा नाही, दोनदा. चार कोपऱ्यांवर रांगोळी, कुंकू, मधोमध नारळ. गुरं येऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण. त्यांच्या स्वतःच्या भाताची उडवी बाजूच्या उतारावर तशीच रचलेली, झोडायला जागा नाही म्हणून. छान आणि सपाट म्हटलं की त्यांना जे माहीत होतं, त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी केलं होतं.

चांगोदादा पुढे आला आणि म्हणाला, “चपला भाईर काढा, बाई. सारवलाय.”

मी काढल्या. सुपरवायझरने नाही. तो बूट घालून मधोमध गेला, टाच रोवून बघितली, आणि हसला. म्हणाला, ये तो आंगन है मॅडम, फाउंडेशन किधर है? सारवलेल्या जमिनीवर त्याच्या बुटांचे खड्डे पडले. डबा यात रुतेल, पहिल्याच पावसात तिरका होईल, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मी म्हटलं — जणू आत्ताच सुचलं असावं अशा आवाजात — खाली एक जागा आहे, बघता का?

इथवर मी तुमच्याशी भांडू शकते. माझी पोरं देवळात होती. डबा एक पाठवायचा आणि शाळा दोन, ही अक्कल माझी नव्हती. वाडीत पोरं मूठभर, माझ्याकडे देऊळभर. त्या भिंतीखाली सापडून एखादं पोर गेलं असतं तर तेच साहेब माझ्याच नावाने बोंबलले असते. माझ्या पोरांसाठी मी ओरबाडलं. पुन्हा ओरबाडेन. तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

मी चपला घालत होते तेव्हा चांगोदादा माझ्यामागे आला. त्याची बायको आणि दोघी-तिघी बाया मागे उभ्या. त्याने हात जोडले नाहीत, तसा तो माणूस नाही. मान खाली घालून म्हणाला, “आमचा चुकला, बाई. आमाला समाजला नाय. तुमी एवढी खटपट केली आमच्यासाठी.”

आणि मी — मी त्याला माफ केलं. ऐकताय ना? मी म्हटलं, असू द्या हो, माहीत नसतं माणसाला, त्यात तुमचा काय दोष. त्याच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

डबा चोरला याची लाज मला वाटत नाही, किंवा वाटते तेवढी पेलते. पण ती माफी? ती मी कुठल्या तोंडाने दिली? भुकेपोटी माणूस हिसकावतो, ते कळतं. ज्याचं हिसकावलं त्यालाच ‘असू दे’ म्हणायचं, आणि वर मोठ्या मनाची म्हणवून घ्यायचं, याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे शब्द असता तर सांगितला असता.

वाडीची शाळा त्या उन्हाळ्यात बंद झाली. निम्मी पोरं खाली आली, निम्मी आलीच नाहीत. चांगोदादाची नात तिसरीपर्यंत ओढा ओलांडत होती, मग आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायला लागली. आता तिथेच असते, धाकट्या भावाला सांभाळते. आणि डब्यात माझी पोरं बसतात, चैत्रात भाजून निघतात, पण बसतात. फळ्यावरचं सगळ्यांना दिसतं. वाडीत अजून सगळे हेच सांगतात की आमच्या अडाणीपणाने आमची शाळा गेली. वाडीतली एक पोरगी माझ्याच वर्गात, माझ्याच समोर हे म्हणाली. मी तिला म्हटलं, वही काढ.

या हिवाळ्यात चांगोदादा शाळेत आला. कुणी दुसरी कंपनी अंगणवाडीसाठी डबे वाटते आहे, असं त्याने किन्हवलीच्या बाजारात ऐकलं होतं. आला तर या वेळी चुकायला नको, म्हणाला. ते सिमेंटचे पाय कसे करायचे, तेवढं सांगून ठेवा.

मी खडू घेतला आणि डब्याच्या पायरीजवळ खाली बसून फरशीवर काढून दाखवलं. इथे कोपरे, इथे मध्ये, एवढं खोल, पाण्याच्या नळीने पातळी बघायची, रोज पाणी मारायचं. चांगोदादा उकिडवा बसून बघत होता. एकदा त्याने बोटाने तेच पुन्हा गिरवलं आणि कुठेही चुकला नाही. पोरांची मधली सुट्टी संपायच्या आत सगळं सांगून झालं.

मग तो त्या रेघांकडे बघत राहिला. आणि म्हणाला, “एवढाच? ह्या तर आमी केला असता, बाई.”

मी म्हटलं, “हो.”