नानांची गोष्ट मी मशीनमध्ये घातली

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गोष्ट एकट्याने सांगत नसत. शिरपूरजवळच्या आमच्या गावी दुपारी सगळे शेंगा फोडायला ओसरीवर बसले, की समोरच्याने हुंकार द्यायचा आणि मोक्याच्या जागी थांबून नानांनी विचारायचं, "आते कोठे जावानं, सांग." ऐकणारा म्हणेल तिकडे गोष्ट वळायची. सातपुड्यातल्या गुहेत राक्षसाने वासरू कोंडलंय, एवढंच काय ते पक्कं. एकदा मी म्हटलं, राक्षसाला आधी जेवू घालू. नानांनी त्याला पंगतीत बसवलं आणि ते जेवण आम्हाला तीन दुपारी पुरलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याला कॉम्प्युटर शिकायला गेलो आणि मला शिंगं फुटली. प्रोजेक्ट म्हणून नानांच्या गोष्टीचा खेळ केला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, तीही इंग्रजी लिपीत. पडद्यावर यायचं, 'तुम्ही गुहेपाशी आहात. काय कराल?' खेळणाऱ्याने उत्तर टाइप करायचं. 'वर जा', 'दार उघड', 'काठी घे', 'मार' असे मोजके शब्द मी मशीनला शिकवले. तेवढ्यातच माझा दम निघाला, म्हणून बाकीच्या वाटा सोडून दिल्या. नानांना मात्र ऐटीत सांगितलं, की तुमची बठ्ठी गोष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी, मशीनमध्ये घातलीय.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी नाना स्वच्छ धोतर नेसून एसटीने आले. चपला दाराबाहेर काढून मशीनसमोर बसले. ते सांगत, मी टाइप करत होतो. राक्षसाला विचार, जेवलास का. मशीन म्हणालं, 'समजले नाही.' वासराला हाक मार. 'समजले नाही.' राक्षसाची आई कुठे असते ते विचार. पुन्हा तेच. सर मागे उभे होते, मला घाम फुटला. मी नानांच्या कानाशी लागलो, "नाना, आठे 'मार'च सांगनं पडस." नाना हळूच 'मार' म्हणाले. राक्षस मेला आणि सरांनी माझी पाठ थोपटली.

स्टँडवर परतीच्या एसटीची वाट बघत नाना बाकावर टेकले. मग म्हणाले, "मी आतेलगून बठ्ठं चुकीचंच सांगत व्हतू."

शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी अंदाजे टाकलेली जन्मतारीख नाना जन्मभर खरी मानत आले. कागदावरचं चुकत नाही, मग मशीनमधलं कसं चुकेल? चूक माझी आहे, तुमच्या गोष्टीपुढे माझी अक्कल तोकडी पडली, एवढंच मला म्हणायचं होतं. पण सरांची शाबासकी डोक्यात चढली होती. मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीला गावी गेलो तर नाना गोष्ट सांगत होते. गुहा, दार, काठी, मार. मध्ये कुणाला काही विचारणं नाही. दहा मिनिटांत गोष्ट संपली आणि पोरं उठून गेली. मी समोर बसलो, पुन्हा सांगा म्हणालो, आणि नाना गुहेपाशी पोचताच म्हटलं, मारायचं नाही, वासरू घेऊन मागच्या बाजूने नदीत उतरू. नानांचा शेंगा फोडणारा हात थांबला. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होते.

"तठे वाट नही शे. तुन्हा मशीनमा मी पाह्यं ना."