गुलमर्गहून टाकलेला मेसेज

स्नोबोर्डिंगची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगते. मला विचाराल तर सुट्टी म्हणजे दापोली, मासे आणि दुपारची झोप. पण आम्हा तिघींपैकी एक दातांची डॉक्टर आहे. आम्ही तिला दातवालीच म्हणतो. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघून तिला अधूनमधून काहीतरी भयंकर करावंसं वाटतं. दुसरी शाळेत गणित शिकवते, म्हणून ती बाई. ती कुठल्याही बेताला आधी नाही म्हणते आणि मग सगळ्यांच्या आधी बॅग भरते. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आम्ही, तिघीही मुलुंडच्या, पंचेचाळिशी उलटलेल्या. स्कीइंग काय, सगळेच करतात, असं दातवालीचं म्हणणं. म्हणून स्नोबोर्डिंग.

फरक असा, की स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या आणि हातांत दोन काठ्या असतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आवळून बांधतात आणि हातात काही देत नाहीत. पडलं की नवशिक्याला उठता येत नाही, चालण्याचा तर प्रश्नच नाही. आधी वाकून पायांचे पट्टे सोडवायचे, तेही जाड हातमोज्यांनी. आणि पंचेचाळिशीत वाकणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. आम्हाला शिकवणारे काश्मिरी गृहस्थ फार शांत होते. आम्ही पडलो की ते लांबून हात करून सांगायचे, "बैठे रहिए मॅडम, कोई जल्दी नहीं." पहिले दोन दिवस मी गुलमर्ग पाहिलं ते बहुतेक बसूनच.

मी जायला तयार नव्हते त्याचं खरं कारण बर्फ नव्हतं, बाबा होते.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारायचं आता नातेवाइकांनीही सोडलंय. बाबा आमच्या सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. गळती, लिफ्ट, पार्किंगची भांडणं, सगळ्याची कागदपत्रं त्यांच्या एका जाड फाइलीत. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की त्यांची स्मरणशक्ती जात चालली आहे आणि गेलेली परत यायची नाही. घरी येताना रिक्षा केली. नवघर रोडला सिग्नलवर बाबा म्हणाले, "सोसायटीत कुणाला कळता कामा नये. मला शब्द दे."

मी शब्द दिला आणि हट्टाने पाळला. बाबा शेजाऱ्यांची नावं विसरायला लागले तेव्हा त्यांना हल्ली ऐकू कमी येतं म्हणून वेळ मारून नेली. जिन्यात कुणी गप्पा मारायला थांबलं की औषधाची वेळ झाली म्हणून त्यांना वर नेलं. गेटवरच्या वॉचमनलाही काही सांगितलं नाही. दिवसा बाबांजवळ एक मावशी असतात, मालवणकडच्या. त्यांनाही तंबी दिली होती की खाली बायकांत बोलायचं नाही. "मी कित्याक सांगतलंय?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या होत्या, आणि त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही.

सहलीच्या सहा दिवसांसाठी मावशी मुक्कामाला राहिल्या. काश्मीरमध्ये बाहेरचा प्रीपेड फोन चालत नाही म्हणून मी माझा नंबर मुद्दाम पोस्टपेड करून घेतला. शिवाय हॉलमध्ये कॅमेरा बसवला. त्याच्यातून घर मोबाइलवर दिसतं, कुणी हललं की सूचना येते, आणि आपल्याला बोलताही येतं. त्यामुळे गुलमर्गला मी बर्फ कमी आणि मुलुंडचा हॉल जास्त पाहिला. जेवताना हॉल, बूट घालताना हॉल. तिसऱ्या दिवशी सकाळी दातवाली वैतागली. "यार, एक तास तरी तो फोन खिशात ठेव. मावशी आहेत ना तिथे?"

मलाही पटलं. फोन आतल्या खिशात टाकून चेन लावली. आणि त्या तासात मी पहिल्यांदा न पडता चांगली वीस-पंचवीस पावलांचं अंतर घसरले. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, थंड वारा तोंडावर. दीड वर्षात मला इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि त्या वेळात मला बाबांची एकदाही आठवण झाली नाही. मग अर्थातच आपटले. बर्फात बसल्या बसल्या दातांनी हातमोजा ओढला आणि फोन काढला.

हॉलमध्ये बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बगलेत ती जाड फाइल. चपला घालत होते. मावशी कुठे दिसेनात. त्या आंघोळीला गेल्या होत्या, हे नंतर कळलं. एरवी कमरेला खोचलेली दाराची किल्ली त्या दिवशी चपलांच्या कपाटावर राहिली होती. बाबांनी ती उचलली.

"बाबा, थांबा," मी कॅमेऱ्यातून ओरडले. "कुठे निघालात?"

माझा आवाज तिथे पोचायला दोन-तीन सेकंद लागले. बाबा थबकले. वळून त्यांनी पाहिलं ते स्वयंपाकघराकडे. "मीटिंग आहे गं," ते म्हणाले. "जेवायला थांबू नकोस." हे ते आईला सांगायचे. मग दार उघडून बाहेर गेले, आणि दार नीट ओढूनही घेतलं.

मावशींना फोन लावला तर त्यांचा फोन हॉलमधल्या टीपॉयवरच उजळताना मला दिसत होता. बाबांना लावला. वाजत राहिला. मीटिंगला जाताना फोनचा आवाज बंद करायची त्यांची शिस्त होती, आणि तेवढी मात्र ते विसरले नव्हते. शेवटी वॉचमनला लावला.

"साब तो अभी निकले, दीदी. मीटिंग है बोला."

"रोका क्यों नहीं?"

"साब को मैं कैसे रोकेगा?"

त्याचं बरोबरच होतं. त्याला मी कधी काही सांगितलंच नव्हतं, तर तो का थांबवणार. त्याला गल्लीत बघायला पाठवलं. तो धापा टाकत परत आला, कुठे दिसत नाहीत म्हणाला. आमच्या गल्लीच्या एका टोकाला बाजार आहे आणि दुसऱ्या टोकाने सरळ गेलं की हायवे. मला फक्त हायवे दिसत होता. मी ताडकन उठायला गेले आणि तोंडावर पडले. पाय बांधलेले आहेत हे विसरलेच होते.

दोघी मैत्रिणी आल्या. बाई काही न विचारता गुडघ्यांवर बसून माझे पट्टे सोडवायला लागली. दातवालीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोसायटीच्या ग्रुपवर टाक."

"नाही."

"अगं, किती माणसं आहेत तिथे. आत्ता दहा जण खाली उतरतील."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"आणि ते हायवेवर गेले तर त्या शब्दाचं काय लोणचं घालणार आहेस?"

मी लिहिलं. बोटं इतकी गारठली होती की एकेक अक्षर तीनदा दाबावं लागत होतं. तो मेसेज मला अजून तोंडपाठ आहे. 'माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांना रस्ते आणि माणसं ओळखता येत नाहीत. आत्ता ते एकटेच बाहेर पडले आहेत. निळा चौकड्यांचा शर्ट. दिसले तर कृपया हाताला धरून थांबवा.' खाली त्यांचा फोटो. दीड वर्ष सांभाळलेली गोष्ट पाच ओळींत सांगून झाली.

लोक खरोखरच धावले. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण स्कूटर काढून हायवेकडे गेले, कुणी स्टेशनकडे, कुणी बाजारात. ग्रुपवर एकामागून एक मेसेज येत होते आणि प्रत्येक मेसेज 'इथे नाहीत' असा. मावशी आंघोळ करून आल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून रडायला लागल्या. "माझीच चूक झाली गो बाय." त्यांच्यावर ओरडायलाही माझ्यात त्राण नव्हतं. समोर लहान लहान मुलं सुळकन बर्फावरून घसरत जात होती. शिकवणारे गृहस्थ थोड्या अंतरावर नुसते उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी 'कोई जल्दी नहीं' म्हटलं नाही. मी नास्तिक नाही, पण देवाला गळ घालायची सवयही नाही. त्या दिवशी घातली.

अर्ध्या तासाने आताच्या सेक्रेटरींचा फोन आला. "सापडले. अहो, ते आपल्या सोसायटीच्या ऑफिसातच आहेत."

झालं होतं असं, की बाबा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. पूर्वी प्रत्येक मीटिंगच्या आधी जायचे तसेच. कुठल्या तरी जुन्या नोटिशीच्या प्रती काढल्या, मागच्या गेटने आत आले आणि ऑफिसात आपल्या नेहमीच्या खुर्चीवर कमिटीची वाट बघत बसले. वॉचमन तेव्हा त्यांना रस्त्यावर शोधत होता.

"एकदम ठीक आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "चष्मा लावून मोबाइल वाचत बसले होते."

मी दोघींच्या गळ्यात पडून रडले. आधी ते शेवटचं वाक्य डोक्यात शिरलंच नाही. मग सगळ्यांचे आभार मानायला ग्रुप उघडला. हा ग्रुप बाबांनीच सुरू केला होता, सेक्रेटरी असताना, आणि मदतीला मलाही अ‍ॅडमिन करून ठेवलं होतं. तेही त्यात आहेत हे मला त्या गडबडीत सुचलं नाही, आणि दुसऱ्याही कुणाला सुचलं नाही. 'सापडले' या मेसेजच्या वर, 'हायवेला नाहीत' आणि 'स्टेशनला नाहीत' यांच्या मध्ये, एक बारीक राखाडी ओळ होती. बाबांनी ग्रुप सोडला होता.

म्हणजे त्या दिवशी, त्या खुर्चीवर, त्यांना सगळं कळलं होतं. माझा मेसेज कुणाबद्दल आहे तेही आणि तो कुणी लिहिलाय तेही.

मी मेसेज पुसून टाकला. पुसून काय होणार होतं. उतरायचं माझ्याने होईना, तेव्हा मला एका लाकडी घसरगाडीवर बसवून ओढत खाली नेलं. लगेच परत यायचं म्हटलं तर दोन दिवस बर्फामुळे विमानंच सुटली नाहीत. मी फोन केला की बाबा विचारायचे, "बर्फ कसा आहे?" मी सांगायचे, छान आहे. ते ग्रुपबद्दल बोलले नाहीत आणि मीही नाही. त्यांची माफी मागायची होती, पण फोनवर धीर झाला नाही. घरी पोचून सांगू म्हटलं.

घरी पोचले तोवर ते विसरले होते. मीटिंग, झेरॉक्स, मेसेज, काहीच त्यांच्या लक्षात नव्हतं. माफी मागायला माणूस समोर होता, पण कशाची माफी ते त्याला माहीत नव्हतं. शेजारी फार चांगले वागले. आता ते बाबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि वॉचमन सलाम करायच्या ऐवजी त्यांचा दंड धरतो. मला वाटलं, विसरले हे एक बरंच झालं. या आजाराने एवढी तरी दया दाखवली.

बाबा रोज संध्याकाळी पाच वाजता मावशींबरोबर खाली बाकावर जाऊन बसायचे. गुलमर्गहून आल्यापासून ते जात नाहीत. शर्ट घालतात, दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या पायांजवळ चपला मांडल्या.

"चला ना बाबा, दहा मिनिटं बसून येऊ."

"नको गं. लाज वाटते."

"कसली लाज?"

ते कपाळाला आठ्या घालून खूप वेळ विचार करत राहिले. खरंच आठवून बघत होते.

"ते आठवत नाही," ते म्हणाले.

मला आठवत होतं. मी खाली वाकून त्यांच्या चपला उचलल्या आणि कपाटात ठेवल्या.