नाक्याबाहेरचा मांडव

डॉक्टरभाऊ रोग्याला आधी विचारत, "जेवला का?" नाडी, ताप, छातीला नळी लावणं, हे सगळं मागून. उपाशी माणसाला ते गोळी देत नसत. "रिकाम्या पोटात गोळी काय करन बापा?" म्हणत आणि आत हाक मारून वहिनींना भात-वरण आणायला सांगत. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या धानाच्या गावात त्यांचा दवाखाना म्हणजे राहत्या घराची ओसरी. ते इथलेच. शिकून आले तरी बोली सुटली नव्हती.

त्यांना राग आला की ते हळू बोलत. मी त्यांना मोठ्याने ओरडताना एकदाच ऐकलं, कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात.

गावाने रस्त्यावर लाकडं आडवी टाकली होती, काटे रचले होते, पाळीपाळीने पहारा बसवला होता. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आमचीच माणसं पायी परतली आणि या नाक्याशी अडली. त्यांत कौसाबाई होती. गावात धानाची एकही बांधी, एकही खाचर नसेल जिथे तिने रोवणी केली नव्हती. ती नाक्यापलीकडच्या आंब्याखाली पडून तापाने थडथडत होती.

डॉक्टरभाऊ काटे बाजूला करून पलीकडे गेले. तिला तपासलं आणि तिथूनच ओरडले, "मले हा हिवताप वाटून राह्यला! गाडी काढा कोनी, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेतो!"

अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. गावात जीपा होत्या, पण कोणाची चावी सापडेना, कोणाचा ड्रायव्हर घरी नव्हता. पहाऱ्यावरचा एक जण म्हणाला, "भाऊ, तुमी तिकडं गेले ना? आता तुमीबी तिकडंच राहा." आम्ही शाळेतले मास्तरही तिथेच उभे होतो. त्याला कोणी गप्प केलं नाही.

शेवटी वहिनी एकट्या मोटारसायकल ढकलत घेऊन आल्या. भाऊंनी कौसाबाईला मागे बसवलं. तिच्या पाठीशी तिचा नवरा तिला धरून बसला. संध्याकाळी दवाखान्यातच ती वारली. हिवतापच होता, डोक्यात चढलेला.

परत आल्यावर भाऊंना आम्ही आत घेतलं नाही. मजुरांसोबत तेही आंब्याखाली राहिले. वहिनी लाकडांवर डबा ठेवून मागे सरत, मग ते येऊन उचलत. आम्ही ते लांबून पाहत असू.

दुसऱ्या वर्षी रोग गावातच शिरला. लोक ताप लपवू लागले, तपासणीच्या भीतीने शेतात जाऊन बसू लागले. भाऊ दारोदार फिरले. पहाऱ्यावरच्या त्या माणसाच्या आईजवळ तर दिवसभर बसून राहिले. ती वाचली. एका शब्दानेही त्यांनी कोणाला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

फक्त एकदा माझ्याजवळ बोलले. वैनगंगेपलीकडे जंगलातल्या एका गावात ते तापाचे रोगी पाहायला जात. "नाका त्यायनंबी बांधला होता, मास्तर," ते म्हणाले. "भेव त्यायलेबी होतंच. पन त्यायनं पयले नाक्याबाहेर मांडव घातला. मडक्यात पानी ठेवलं, जेवन पोचवलं. मंग आपल्या मानसाईले सांगतलं, इथी थांबा. आपल्याले मांडव काऊन नाई सुचला?"

मी शिकवणारा माणूस. मलाही तो सुचला नव्हता.

पुढे ते त्याच गावी राहायला गेले. जाताना भांडण नाही, निरोपसमारंभही नाही. आता आमच्या गावचे रोगी बस बदलत तिकडे जातात आणि ते सगळ्यांना तपासतात. मागच्या हिवाळ्यात मी वडिलांना घेऊन गेलो. त्यांनी धानाचं विचारलं, शाळेचं विचारलं, चहा पाजला. निघताना धीर करून म्हणालो, "भाऊ, गावात कधी येता?"

ते वडिलांना हात देऊन पायरी उतरवत होते. हळूच म्हणाले, "यायचं तं हाय. पन रस्ता तोच हाय ना, मास्तर."

लाकडं आम्ही केव्हाच काढली होती. ते न सांगताच मी वडिलांचा हात धरला आणि बसकडे निघालो.