एक बिडीभर पाय

आमच्या बोरी अरब गावात ब्रेक तपासायची एकच रीत आहे: लाथ. गाडीत बसायचं, दहा हात पुढं न्यायची आणि पॅडलवर टाच घालायची. चाक कचकन थांबलं की खाली उतरून मिशीवर हात. झाली तपासणी. जीपवाले हेच करतात, कापसाचे टेम्पोवाले हेच करतात. निवडून आलेलेही सभेत हेच करतात, एकदा दणकून टेबलावर हात मारतात आणि मग पाच वर्षं गार.

निजामुद्दीन मिस्त्री हे करत नाही, म्हणून गावातले शहाणे त्याला सुस्त म्हणतात. दारव्हा रोडला कडुनिंबाखाली त्याचं टिनाचं शेड आहे. वय साठीच्या पुढं. ब्रेकची गाडी आली की हा माणूस आधी पान्याला हात लावत नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसतो, इंजिन चालू ठेवतो, बिडी पेटवतो आणि पॅडलवर पाय ठेवतो. मारत नाही, ठेवतो. पाणी किती तापलं ते पाहायला बोट बुडवावं, इतक्या हलक्यानं. बिडी संपेपर्यंत तो पाय तिथून हलत नाही.

हे तो वणीत शिकला, आणि फुकट शिकला नाही. तिथं कोळशाच्या ट्रकांवर अकरा वर्षं होता. तेव्हा तोही लाथवालाच. भीमसिंग नावाच्या ड्रायव्हरनं एका सकाळी सांगितलं, "मिस्त्री, पॅडल खाली बसून राह्यलं." यानं टाच मारली, चाक थांबलं. "जा बे, टनाटन हाय!" भरलेला ट्रक उतारावर थांबला नाही. भीमसिंगचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. निजामुद्दीन आजही दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन वणीला जातो. भीमसिंग डबा घेतो, बोलत नाही. हा अर्धा तास बसतो आणि परत येतो. माफी म्हणजे माईकसमोर हात जोडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्याच्यासोबत जाऊन तो अर्धा तास बसून पाहावं.

गेल्या वेचणीच्या दिवसांत बबनरावांची जीप त्याच्या शेडात आली. बबनराव म्हणजे पांढऱ्या कपड्यांच्या आत जे काय असतं ते. एक जीप, चार चमचे, आणि गावात कुणाचाही फ्लेक्स लागो, त्याच्या कोपऱ्यात ह्यांचा फोटो. जीप चालवायचा किसनसिंग, तांड्यावरचा. रोज सकाळी चौदा बाया घाटाखालच्या शेतात कापूस वेचायला न्यायच्या, संध्याकाळी आणायच्या. आदल्या दिवशी घाट उतरताना पॅडल त्याच्या पायाखाली हळूहळू खाली गेलं होतं. मालकाला सांगितलं तर मालक म्हणाले, "पॅडलले दोन-चारदा पंप मारत जाय." म्हणून त्या सकाळी त्यानं मालकाला न विचारता, बायांसकट जीप शेडासमोर उभी केली. मी तिथंच चहा पीत होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं.

बाया खाली उतरून सावलीला बसल्या. निजामुद्दीननं पाय ठेवला. पॅडल सुरुवातीला घट्ट लागलं, मग पाणी जिरावं तसं खाली जिरत गेलं.

"चाचा, हवा असंन पायपात," किसनसिंग म्हणाला.

"हवा असती तं पयलेच फुसफुसलं असतं. हे वर कडक हाय अन् मंग बसते." त्यानं ब्रेक ऑइलची डबी पाहिली, काठोकाठ. चारी चाकांमागं बोट फिरवून आणलं, कोरडं. "तेल बाहीर पडत नाई, अन् पॅडल तं चाललं खाली. म्हंजे चोर घरातच हाय."

खात्री करायला त्यानं, पॅडल दाबलं की तेल ढकलतो त्या मास्टर सिलेंडरचे चाकांकडं जाणारे पाइप काढले आणि भोकांना बोल्ट बसवून तोंडं बंद केली. आता तेलाला जायला वाटच नाही. परत बिडी, परत पाय. पॅडल तरीही खाली गेलं.

"झालं. सिलेंडरच्या आतलं रबर गेलं. ही गाडी घाटात नाई जात."

तेवढ्यात बबनराव आले, चारही चमच्यांसह.

"काहून रे किसन्या? वेचनी सोडून इथी काय वरात काढून राह्यला?"

निजामुद्दीननं शांतपणे सांगितलं. बबनरावांनी ऐकलं नाही. ऐकणं हे त्यांच्या धंद्यात बसत नाही. ते थेट जीपमध्ये चढले आणि पॅडलवर दाणकन टाच घातली. "हे पाह्य! दगड हाय दगड!"

"जोरानं मारलं का रबर तानून भिंतीले चिपकते, भाऊ. हळू दाबलं का बाजूनं तेल मांगं जाते. घाटात कोनी लाथा मारत उतरत नाई, पाय ठेवून उतरा लागते. ठेवा ना तुमी. माही बिडी संपेलोक."

अर्धी बिडीही झाली नाही. बबनरावांचा पांढरा बूट सगळ्यांसमोर खाली जात जात पत्र्याला टेकला.

"भाऊच्या पायात ताकदच लय हाय!" एक चमचा बोलला. हे वाक्य मी बनवलेलं नाही. असली वाक्यं बनवायला वेगळी, वाकणारी हाडं लागतात.

"बस झालं नाटक," बबनराव उतरले. "जोड पाइपा. आजचा दिवस चालून जाते."

बायांची मुकादम मानीबाई सावलीतून उठली. "बबनभाऊ, मंग आज तुमीच बसा पुढं. आमी मांगं बसतो. उतरू संगं घाट."

"मले मीटिंग हाय."

"आमाले तं जसे दोन दोन जीव हायेत!" मागं बाया फिसकन हसल्या.

हसण्यानं माणूस पेटतो. बबनराव निजामुद्दीनकडं वळले. "जोडतं का नाई? याच्यापुढं तुह्या शेडात गावची एक गाडी येनार नाई, सांगून ठेवतो."

"नका आनू." निजामुद्दीननं पाना बोनेटवर ठेवला. "मी खोलले, मी जोडनार नाई. ज्याले पाठवाची हाय त्यानं आपल्या हातानं जोडा."

बबनरावांनी चमच्यांकडं पाहिलं. एक मोबाइल पाहू लागला, एकाला अचानक खोकला आला. जिंदाबाद म्हणताना आभाळ फाडणारी ही माणसं, पाना कुठून धरायचा हे एकालाही माहीत नव्हतं.

"किसन्या, तू जोड. नाईतं चाबी ठेव अन् चाल घरी."

किसनसिंग आठ वर्षं ह्या जीपवर. हेच पाइप त्यानं भर पावसात, रस्त्याच्या कडेला, टॉर्च दातात धरून जोडलेले. तांड्यावर तीन लेकरं, आणि दुसरी नोकरी कुठंच नाही. त्यानं पाना उचलला, उलटासुलटा करून पाहिला. एकदा मानीबाईकडं पाहिलं. मग पाना परत बोनेटवर ठेवला.

"मालक, मले नाई येत."

खोटं आहे हे शेडातल्या प्रत्येकाला कळलं. बबनरावांना तर सगळ्यात आधी कळलं.

"येत नाई म्हनते बिचारा," मानीबाई म्हणाली. "शिकवा ना मालक तुमी."

मालक काय शिकवणार! जीप जागची हलणार नव्हती, बाया बसणार नव्हत्या, रस्त्यावरून जाणारे थांबून पाहायला लागले होते. शेवटी बबनरावांनी खिशातून फोन काढला आणि दारव्ह्याला नवा सिलेंडर सांगितला. दुपारी तो आला, निजामुद्दीननं बसवला, जीप घाट उतरली. बायांची अर्ध्या दिवसाची वेचणी बुडाली. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी बसस्टँडवरच्या हॉटेलात बबनराव पाच-सहा जणांना सांगत होते, "मीच थांबवली गाडी. म्हटलं, गरिबाच्या जिवाशी खेळ मले चालत नाई. ड्रायव्हरलेबी तसंच सांगून ठेवेल हाय." चमचे माना हलवत होते. एवढं बोलून झाल्यावर त्या ड्रायव्हरला आता काढणार कसं? किसनसिंग बाहेर जीपमध्ये बसून होता, चाबी त्याच्याच खिशात.